उंदरांचं पारणं

तासगावात बेदाण्याचा व्यापार करणारे पुष्कळ आहेत, पण बेदाण्याशी बोलणारा व्यापारी एकच: आमचे शेजारी वर्धमानआप्पा मगदूम. शेडमध्ये जाळीवर वाळत पडलेल्या द्राक्षांपुढे उभे राहून ते समजावत, "आनि दोन दिस दम धरा, गडबड करू नका." द्राक्षं ऐकत. आप्पांचं सगळेच ऐकत, कारण ऐकल्याशिवाय ते जागचे हलत नसत.

दया हा आप्पांचा मुख्य धंदा आणि बेदाणा जोडधंदा. पायाखाली मुंगी सापडू नये म्हणून ते खाली बघून चालत, त्यामुळे विजेच्या खांबावर आपटत आणि मग खांबाची माफी मागत. भाद्रपदात दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी जैन मंडळी एकमेकांची वर्षभराच्या चुकांबद्दल क्षमा मागतात. बाकीचे घराघरांत आटोपतात. आप्पा सकाळी बाहेर पडत ते संध्याकाळी परतत. गल्ली झाली, बाजार झाला, की गोठ्यातल्या म्हशीपुढे हात जोडून उभे: "वर्षभरात कळत-नकळत काय चुकलं आसंल तर क्षमा असावी." शेवटचा नंबर स्कूटरचा. तिला वर्षभर लाथा मारल्या म्हणून.

ही हकीकत मात्र आप्पांची नाही, त्यांच्या लेकीची, चंदनाची आहे. आप्पा मध्ये येतील, पण कुणाच्याही गोष्टीत मध्ये येणं हा त्यांचा स्वभावच आहे.

चंदना बापाच्या उलट. आप्पा दिवसभर बोलत, तर ही दिवसाकाठी जेमतेम पोस्टकार्डाएवढं बोलायची. जीवरसायनात एम.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात झाली, आणि घरी येऊन आईला म्हणाली, "झाले." कस्तुरीकाकूंना वाटलं, भांडी घासून झाली.

पंचाण्णव सालच्या मार्चमध्ये पेपरात जाहिरात आली. विद्यापीठाचं साताऱ्यात एक संशोधन केंद्र होतं, त्यात 'आरोग्य व जैववैद्यक शास्त्रांत संशोधनाची सुवर्णसंधी' होती. सुवर्णसंधी नीट वाचली तर ती अशी: पद एक. तात्पुरतं. मुदत सहा महिने. काम समाधानकारक वाटल्यास तीन वर्षांची शिष्यवृत्ती आणि पीएच.डी.ची नोंदणी. म्हणजे सोनं होतं, पण ते तीन वर्षांच्या त्या वाक्यात होतं. सहा महिने नुसतं पितळ घासायचं.

मुलाखतीला समितीत चौघं होते. तिघं जागे होते.

"मगदूम म्हणजे जैन ना?" एकाने विचारलं.

"हो."

"पांढरे उंदीर हाताळावे लागतील."

"हाताळीन."

"नुसतं हाताळून भागत नाही बाई. प्रयोग संपला की कापावे लागतात."

चंदनाने एकदा खिडकीबाहेर पाहिलं. "कापीन."

चौथे गृहस्थ इथे जागे झाले. "घरी विचारलंय का?"

"घरच्यांनी अर्ज केलेला नाही," चंदना म्हणाली.

तिची निवड झाली.

घरी सांगताना तिने मोजून सांगितलं. उंदरांना मधुमेह असतो, जांभळाच्या बियांचा अर्क पाजून त्यांची साखर उतरते का ते पाहायचं. यात एक अक्षर खोटं नव्हतं. उंदरांना मधुमेह आधी आपणच सुई टोचून करायचा, एवढं फक्त सांगायचं राहिलं.

"आनि बरे झाल्यावर?" कस्तुरीकाकूंनी विचारलं.

"सोडून देतो."

धडधडीत खोटं एवढं एकच. पण ते आप्पांच्या तोंडात पडलं आणि गावभर फिरलं. "आमची चंदा विद्यापीठात उंदरांचा दवाखाना चालवती!" आप्पा बाजारात सांगत.

"आप्पा, आमच्या गोदामातले चार धाडू का?" दादासो नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याने विचारलं.

"त्यास्नी साखरेचा रोग हाय का?"

"तुमचाच बेदाना खात्यात. नसला तर हुईल की!"

केंद्र सदरबझारात एका जुन्या बंगल्यात होतं. साहेबाच्या काळात जिथे घोडागाडी उभी राहायची, तिथे आता उंदरांचे पिंजरे होते. उंदरांची व्यवस्था केरूकडे. हा कोरेगावचा, बौद्ध वस्तीतला, हसरा माणूस. नऊ वर्षं रोजंदारीवर होता. कायम करण्याचं आश्वासन त्याला दर नव्या संचालकाने दिलं होतं, आणि संचालक मात्र स्वतःच कायम राहत नव्हते.

पहिल्याच दिवशी तो चंदनाला म्हणाला, "बाई, हितं उंदीर तेवढे परमनंट हायत. त्यास्नी दोन टाइम खानं, पंखा, आजारी पडलं तर डाक्टर. मी टेंपरवारी."

"तेही टेंपरवारीच आहेत, केरूभाऊ," चंदना म्हणाली.

केरू हसायचा थांबला. "व्हय. ते बी खरंच."

केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. हंबीरराव. त्यांना संशोधन करताना कुणी पाहिलं नव्हतं, पण प्रत्येक शोधनिबंधावर पहिलं नाव त्यांचं असे. माणूस वाईट नव्हता. विद्यार्थ्यांना चहा पाजायचा आणि निबंधावर नाव विसरलं तर आठवण करून द्यायचा. चंदनाचं काम पाहून ते खुश होते. "पोरी, उंदरांची ही तुकडी नीट पार पाड. सप्टेंबरात दिल्लीची समिती येणार. तिच्यासमोर शेवटचं रक्त तपासायचं. आकडे बरे आले की तीन वर्षं तुझी."

चंदनाला ती तीन वर्षं हवी होती. आयुष्यात तिने दुसरं काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही. उंदीर मारायला शिकण्याच्या दिवशी तिने हात इतक्या वेळा धुतले की साबणाची वडी संपली. त्या दिवशी ती जेवली नाही. पण शिकली. आणि ऑगस्टमध्ये, ज्या उंदरांना जांभळाचा अर्क देत होते त्यांची साखर खरोखरच उतरू लागली, तेव्हा ही मितभाषी मुलगी धावत एस.टी.डी. बूथवर गेली. आप्पांचा फोन नेहमीप्रमाणे बंद, म्हणून फोन आमच्याकडे आला.

"काका, उतरली!"

"कोण उतरली? कुठल्या गाडीतून?"

"साखर!" आणि ती हसली. तासगावपर्यंत ऐकू येईल असं ती त्याआधी कधी हसली नव्हती.

पर्व आलं. पर्वातला शेवटचा उपास अनंत चतुर्दशीचा. मगदुमांच्या घरी त्या दिवशी सगळे निर्जळी करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकत्र पारणं करून उपास सोडतात. चंदनाने आदल्या दिवशी आमच्याकडेच फोन करून आप्पांना बोलावलं. फोनवर आप्पा.

"चौदसला येता येणार नाही, आप्पा. परवा सकाळी समिती आहे. चौदसच्या रात्री उंदरांना उपाशी ठेवायचं असतं."

"उंदरांस्नी?" आप्पांनी विचारलं. "चौदसला?"

"हो. एरवीही तपासणी असली की रात्री काही देत नाही."

आप्पांनी फोन ठेवला. रात्री न जेवणारे, चौदस पाळणारे उंदीर! आणि तेही आजारी! आपल्याकडे चांगले धडधाकट जैन भरदुपारी माजघराच्या अंधारात हळूच चहा घेतात.

"काकू, पिशवी भरा," मी कस्तुरीकाकूंना गमतीने म्हणालो, "आप्पा निघाले पारणं घालायला."

गंमत माझी होती. पिशवी खरीच भरली.

उपास करणाऱ्याला पारणं घालण्याचं पुण्य मोठं. आप्पांनी शेडमधला सगळ्यांत लांब, हिरवा, एकसारखा बेदाणा निवडला आणि चौदसच्या दिवशी, पोटात पाण्याचा थेंब नसताना, सातारची एस.टी. पकडली. वाटेत प्रत्येक गावात गणपती विसर्जनाला निघालेले. कराडला गाडी दोन तास गुलालात उभी. आप्पा रात्री साताऱ्याच्या जैन मंदिरात पडले आणि उजाडताच सदरबझारात हजर झाले.

दारात केरू.

"कोन पायजे, आवं?"

"चंदाचा बा मी. तासगावचा."

"बाई आठला येत्यात."

"बाईशी काम न्हाई गड्या. मला ती उपाशी मंडळी बघायची हायत."

"आत कुनाला सोडायचं न्हाई, आप्पा. साहेबांचा हुकूम हाय."

"मी काय चोर हाय व्हय रं? लांबनं दर्शन घीन. त्यांचं सुटल्याबिगर माजं बी सुटत न्हाई. परवापास्नं पानी न्हाई घेतलं."

केरूने म्हाताऱ्याचे सुकलेले ओठ पाहिले. बाईंचा बाप. त्याने दार उघडलं आणि स्टूल दिलं. "बसा. पानी आनू? माज्या हातचं चालंल न्हवं?"

"उकळलेलं हाय का?" आप्पांनी विचारलं. जात त्यांनी विचारली नाही, पाणी उकळलंय का एवढंच विचारलं.

"उकळून आनतो की," म्हणून केरू मागच्या खोलीत स्टोव्ह पेटवायला गेला. स्टोव्ह पेटेना. पिन मारण्यात त्याचा वेळ गेला.

तो पाणी घेऊन आला तेव्हा आप्पा शेवटच्या पिंजऱ्यापाशी होते. रिकामी पिशवी झटकत होते. खोलीभर बारीक कुरतडण्याचा आवाज चालला होता.

"आप्पा, काय केलंसा हे?" केरूने विचारलं.

"पारनं!" आप्पा म्हणाले आणि आपल्यासाठी ठेवलेले चार बेदाणे तोंडात टाकून पाणी प्यायले.

आठला चंदना आली. बाप दारात प्रसन्न बसलेला, आणि त्याच्यामागे केरू, राखेसारखा.

"चंदा, सगळ्यांनी घेतलं बघ. एकानं न्हाई म्हटलं न्हाई!"

ती पिंजऱ्यांपुढून शेवटपर्यंत चालत गेली. प्रत्येक पिंजऱ्यात बेदाण्याच्या काड्या. उंदीर मिशा पुसत होते.

"सगळ्यांना दिले, आप्पा?"

"मग? भेदभाव कशाला? तो कोपऱ्यातला लय वाळलाय, त्याला मूठभर जास्त."

कोपऱ्यातला तो उंदीर सगळ्यांत आजारी होता.

चंदनाने बापाला काही सांगितलं नाही. त्यांच्या पाया पडली आणि त्यांना रिक्षात बसवलं. "तोंड आसं का केलंयस गं?" आप्पांनी विचारलं. "समिती यायची आहे ना," ती म्हणाली. आप्पांनी रिक्षातून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि समितीलाही सुबुद्धी दिली.

आता कुणी म्हणेल, उंदरांना आणखी एक रात्र उपाशी ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं. हंबीररावांनीही समितीला हेच विनवलं. पण समितीला दुपारी महाबळेश्वरला निघायचं होतं. खोल्या राखून ठेवल्या होत्या, धुकंही बहुधा राखून ठेवलं असावं. समिती म्हणाली, आत्ता जे आहे ते दाखवा. जे होतं ते दाखवलं. ज्या उंदरांची साखर पाच महिन्यांच्या खटपटीने उतरवली होती, ती एका मुठीत परत चढली होती. अर्क दिलेले आणि न दिलेले, दोन्ही सारखेच गोड. समितीने माना हलवल्या आणि भजी खाऊन गाडीत बसली.

मग हंबीररावांनी दार लावून घेतलं. आत ते, चंदना, आणि भिंतीला टेकलेला केरू.

"दार यानेच उघडलं ना?"

"हो."

"मग लिहून दे. प्राणिगृहातल्या सेवकाच्या हलगर्जीपणामुळे. मी वर पाठवतो. पुढच्या महिन्यात नवी तुकडी आणू, समितीच्या हातापाया पडू. तुझी तीन वर्षं राहतील."

"बाई, लिवा," केरू म्हणाला. "मी उघडलं हे खरंच हाय."

चंदना म्हणाली, "सर, बेदाणे मी दिले."

"वेडी आहेस का? तुझे वडील होते, सगळ्या बंगल्याने पाहिलंय!"

"वडिलांचं लिहिलं तर दार कुणी उघडलं हेही लिहावं लागेल. मी दिले."

"कारण काय लिहू? जिला उपाशी साखर म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, तिने उंदरांना बेदाणे का चारले?"

"दया आली म्हणून लिहा."

"दया!" हंबीररावांनी चष्मा काढला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आजारपणं, विजेचा खोळंबा, नातलगांची मरणं अशी सगळी कारणं वर पाठवली होती. हे कारण पहिलंच. "पोरी, दया येणाऱ्या माणसाला या खात्यात कुणी ठेवत नाही."

"माहीत आहे," चंदना म्हणाली.

बिघडलेल्या तुकडीचा उपयोग नसतो. ती त्याच दुपारी संपवतात. केरूला तिने बाहेर पाठवलं आणि सगळे उंदीर एकटीने संपवले. मुलाखतीत तसं कबूल केलं होतं. सप्टेंबरअखेर तिची मुदत संपली. काम समाधानकारक वाटलं नव्हतं. दिवाळीनंतर पेपरात पुन्हा सुवर्णसंधी आली: पद एक, तात्पुरतं, मुदत सहा महिने.

आणि केरू? त्याला चंदनाने वाचवलं म्हणावं, तर जानेवारीत नवे संचालक आले आणि त्यांनी खर्च कमी करण्यासाठी सगळे रोजंदार एका सहीत काढले. कोरेगावच्या स्टँडवर तो तिला एकदा भेटला. "बाई, माजं नाव सांगायचं हुतं. मी तसा बी जानारच हुतो. तुमी तरी ऱ्हायला असता." यावर चंदना काय बोलली ते केरूनेच मला पुढे सांगितलं. त्याच्या मुलीची शाळा विचारली.

तासगावात मात्र जयजयकार. विसर्जनाला पंधरा दिवस होतात न होतात, तोच देशभर गणपती दूध प्यायला लागले. आमच्याकडेही रांग लागली. आप्पा रांगेतल्या लोकांना सांगत, "देवाचं मला ठाव न्हाई, पन त्याच्या वाहनाला मी सोताच्या हातानं पारनं घातलंय." मंदिरात शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला. भाषणात त्यांनी सांगितलं की सगळे उंदीर बरे झाले आणि आता सज्जनगडाच्या डोंगरात सुखाने नांदत आहेत. पहिल्या रांगेत चंदना बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या.

"नोकरी सोडलीस का गं?" मी तिला विचारलं होतं.

"मुदत संपली, काका."

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा इस्लामपूरचा, साखर कारखान्यात केमिस्ट. तिथेच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती लागली. नवरा उसातली साखर मोजतो, बायको माणसांतली. संध्याकाळी दोघं बिनबोलता जेवतात. तिने पुन्हा कुठल्या संधीला अर्ज केला नाही. आप्पा दर पर्वात उंदरांची गोष्ट सांगत. गोष्ट वाढत गेली. तिसऱ्या वर्षी एका उंदराने हात जोडले.

अठ्ठ्याण्णव साली आप्पांना चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, साखर तपासा. आप्पा म्हणाले, घरची लॅब असताना परक्याकडे कशाला? मला सोबतीला घेऊन ते इस्लामपूरला गेले. चंदनाने त्यांचा हात टेबलावर घेतला, दंडाला रबर बांधलं.

"उपाशी आहात ना?"

"व्हय तर."

"आप्पा."

"अगं, निघताना चार बेदाने तोंडात टाकले. ते काय खानं हाय व्हय?"

चंदनाने सुई खाली ठेवली. रबर सोडलं. "उद्या या. काहीही न खाता."

"चार बेदान्यांनी काय हुतंय?"

"आकडा चुकतो."

"थोडा चुकंल!"

"सगळा चुकतो, आप्पा. मग तपासण्यात अर्थ राहत नाही."

आप्पा हसायला लागले. हसता हसता थांबले. बाही खाली करायची विसरले. बेदाणा वाळायला किती दिवस लागतात हे नुसत्या वासावरून सांगणारा माणूस. त्याला दोन आणि दोन जोडायला तीन वर्षं लागली, पण जोडले.

"चंदा," ते म्हणाले, "मग ते... उंदीर?"

बाकावर पुढचा रुग्ण बसला होता. चंदना त्याला म्हणाली, "या, बसा. हात इकडे."

परतीच्या एस.टी.त आप्पा खिडकीतून ऊस बघत होते.

त्या वर्षीच्या पर्वात उंदरांची गोष्ट झाली नाही. "आप्पा, पारन्याचं सांगा की!" दादासोने मंदिराच्या पायरीवर आग्रह केला. "कसले उंदीर?" आप्पा म्हणाले आणि चपला शोधू लागले.

क्षमावाणीला ते गल्लीत फिरले नाहीत. म्हशीपुढे, स्कूटरपुढे थांबले नाहीत. मला हाक मारली आणि थेट इस्लामपूरची गाडी धरली. चंदनाने दार उघडलं. आप्पांनी चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर उभे राहिले, हात जोडले.

"वर्षभरात..." त्यांनी सुरुवात केली.

पुढचं येईना. सगळ्या गावाला, जनावरांना, लोखंडाला म्हणून पाठ झालेलं वाक्य, पण ते वर्षभराचं होतं. त्यात हे बसत नव्हतं.

चंदनाने त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. अशा वेळी समोरच्यानेही हात जोडून क्षमा केली असं म्हणायचं असतं. ती तसं म्हणाली नाही. तिने वाट दिली.

"आत या, आप्पा. बिनसाखरेचा चहा टाकते."

आप्पा दर खेपेला लेकीसाठी बेदाण्याची पुडी नेत. त्या दिवशीही सदऱ्याच्या खिशात होती. चहा झाला, निघायची वेळ झाली, ते दोनदा खिशापर्यंत हात नेऊन थांबले. पुडी तशीच तासगावला परत आली.